पंचाण्णव किलो

मखमलाबादच्या विधात्यांची थोरली सून सुवर्णा वयाच्या छत्तिसाव्या वर्षी जिमला जायला लागली, तेव्हा घरात तिला कुणी अडवलं नाही आणि कुणी फारसं मनावरही घेतलं नाही. धाकट्या मुलाच्या, ओमच्या बाळंतपणापासून तिचे गुडघे दुखत होते. डॉक्टरांनी सांगितलं, नुसतं चालून भागणार नाही, पायांत ताकद आणा. नवरा ललित म्हणाला, महिनाभर जाऊन बघ. सासूबाई चतुराबाईंचं म्हणणं असं, की शेवंती खुडताना दिवसभर वाकतोच की आपण, तो काय व्यायाम नाही? पण त्यांनीही नको म्हटलं नाही. त्या महिन्याची बघता बघता तीन वर्षं झाली.

जिम म्हणजे खताच्या दुकानामागची पत्र्याची लांबलचक शेड. चालवणारे नवनाथ सर मूळचे येवल्याचे. कॉलेजात वेटलिफ्टिंग करायचे, मग खांद्याचं ऑपरेशन झालं आणि ते सुटलं. शांत माणूस. पहिले दोन महिने त्यांनी सुवर्णाला नुसता रिकामा बार उचलायला लावला, पाठ सरळ राहीपर्यंत एक प्लेट चढवू दिली नाही. तिला तेव्हा राग यायचा. पण हळूहळू गुडघे दुखायचे थांबले, जिना चढताना दम लागेनासा झाला, आणि एक दिवस ललितला खताची गोणी टेम्पोत चढवता येईना तेव्हा तिनं मागून हात लावला आणि गोणी वर गेली. ललितनं वळून तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं तिच्या खूप दिवस लक्षात राहिलं.

शेडच्या आतल्या टोकाला, जिथे जड वजनं असायची, तिथे बायका जात नसत. सुवर्णा जायला लागली. डेडलिफ्ट हा तिचा आवडता प्रकार. जमिनीवरचा बार दोन्ही हातांनी धरायचा आणि सरळ उभं राहायचं, एवढंच. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर सर प्रत्येकाचा सगळ्यात मोठा आकडा लिहीत. पुरुषांची पंधरा-वीस नावं होती. बायकांच्या रकान्यात एकच: सुवर्णा विधाते, ९५ किलो. तिचं स्वतःचं वजन एकसष्ट. जिममध्ये सगळे तिला सुवर्णाताई म्हणायचे, आणि बाहेर तिला नावानं हाक मारणारं फारसं कुणी नव्हतं.

खाण्याचं जमवणं त्याहून अवघड गेलं. घर माळकरी, अंडं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. सरांनी तिला समजावलं, की स्नायू वाढवायचे तर तुमच्या वजनाला दिवसाला नव्वद ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागेल, आणि भाकरी-भाजीत ते निम्मंही होत नाही. मग तिनं आपलं आपण बसवलं. सकाळी भिजवलेले हरभरे, दुपारी घट्ट वरण आणि वाटीभर दही, जिमहून आल्यावर परतलेल्या सोयाबीनच्या वड्या, रात्रीच्या जेवणात घरच्याच म्हशीच्या दुधाचं पनीर. सोयाबीनच्या वासानं चतुराबाई नाक मुरडायच्या आणि उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसायच्या. सुवर्णा हसायची आणि वाटी संपवायची.

पायलला जिमला आणलं ते तिनंच.

पायल तिची धाकटी जाऊ, सार्थकची बायको. सत्तावीस वर्षांची, माहेर सायखेड्याचं. मुलगी झाल्यापासून तिची कंबर धरायची, खुडणीला वाकली की अर्ध्या तासात हात टेकायला लागायची. सुवर्णा म्हणाली, माझ्याबरोबर चल, माझे गुडघे बरे झाले, तुझी कंबर होईल. मे महिन्यात तिनं तिला स्कूटीवर मागे बसवून नेलं, सरांशी ओळख करून दिली, सगळी शेड फिरवून दाखवली. फळ्यापाशी ती जरा जास्त वेळ थांबली हेही खरं. पायलनं वाचलं आणि डोळे मोठे केले. ताई, एवढं तुम्ही उचलता? सुवर्णाला फार बरं वाटलं.

पायल उंच, हात लांब. लहानपणापासून बापाच्या वावरात तिनं कांद्याच्या गोण्या आणि द्राक्षांचे क्रेट उचललेले. कसं वाकायचं, कुठे जोर द्यायचा, हे तिच्या अंगाला आधीच माहीत होतं. सरांनी पंधराव्या दिवशी तिच्या बारला प्लेटा चढवल्या.

पंधराव्या दिवशी. सुवर्णानं मनात ते दोनदा म्हटलं. मला दोन महिने लागले होते.

त्या दिवसापासून ती मोजायला लागली. पायलची कंबर दुखायची थांबली ते जुलैत. ऑगस्टमध्ये तिनं साठ किलो उचलले, गणपतीत सत्तर. सुवर्णा स्वतःच्या सेटच्या मध्ये पाणी पीत उभी राहायची आणि नजर मात्र शेजारच्या बारवरच्या प्लेटांवर. एकदा सर कुणाला तरी सांगत होते, की या मुलीला शिकवावं लागत नाही, नुसतं थांबवावं लागतं. सुवर्णानं ते ऐकलं. तीन वर्षांत तिच्याबद्दल सर कितीदा चांगलं बोलले होते, मेहनती आहे म्हणाले होते, नियमित आहे म्हणाले होते. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला मेहनती हा शब्द टोचायला लागला. ललितला तिनं सांगितलं, हात लांब आहेत म्हणून तिला सोपं जातं. ललित म्हणाला, असेल. आणि कूस बदलून झोपला.

जिममध्ये आता नवीन आलेल्या दोघी-तिघी मुली पायलला विचारायच्या, बार कसा धरायचा. वास्तविक सुवर्णा तिथेच उभी असायची.

ऑक्टोबरात सरांनी सुवर्णाला बाजूला घेतलं. पायल व्यायाम चांगला करते पण तिचं खाणं मला बरोबर वाटत नाही, मुलगी अजून अंगावर पिते ना, मग तिला तर जास्तच लागणार. तुम्ही एका घरातल्या, तुम्हाला सगळं माहीत आहे, तिला नीट बसवून सांगा. सुवर्णा हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चुलीपाशी पायलनं आपण होऊन विषय काढला. ताई, सर म्हणाले खाण्याचं तुम्हाला विचार. सुवर्णा कोथिंबीर निवडत होती. तिनं मान वर केली नाही. ती म्हणाली, सोयाबीन उष्ण असतं, पोरगी अंगावर पिते तोवर तू नको खाऊ, तिला त्रास होईल. हरभऱ्यानं पोटात वायू धरतो. आणि दूध-दही व्यायामाच्या दिवशी कमीच बरं. बाईमाणसानं खाणं वाढवलं की आधी अंग सुटतं, ताकद राहते बाजूला.

हे सगळं ती इतक्या सहज बोलून गेली की तिचं तिलाच नवल वाटलं. पायलनं विचारलं, मग तुम्ही खाता ते? सुवर्णा म्हणाली, माझं वय वेगळं, माझी प्रकृती वेगळी. पायलनं मान डोलावली. थोरल्या जावेचं खोटं असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

तेव्हापासून सुवर्णा आपली हरभऱ्याची वाटी गोठ्याच्या बाजूला जाऊन खायला लागली. पायल सकाळी पाचला खुडणीला जायची, चहा-बिस्किटावर नऊपर्यंत काम करायची, मुलीला पाजायची आणि तशीच जिमला यायची. तरीही तिचा आकडा वाढतच राहिला. दिवाळीनंतर फळ्यावर बायकांच्या रकान्यात दुसरं नाव आलं. पायल विधाते, ८५. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर ते पुसून सरांनी लिहिलं, ९०.

त्याच आठवड्यात सरांनी जाहीर केलं, की जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी जिममध्ये बायकांची डेडलिफ्टची स्पर्धा ठेवतोय. जिल्ह्यातल्या ओळखीच्या जिममधूनही बायका येतील. सुवर्णानं घरी येऊन कॅलेंडरवर आठवडे मोजले. आठ होते. या वेगानं पायल तिच्या पुढे जाणार हे तिला स्पष्ट दिसत होतं.

मार्गशीर्ष लागला. गुरुवारच्या पूजेमुळे फुलांना मागणी इतकी, की बुधवारी सगळं घर अंधार असतानाच वावरात असायचं. अशाच एका बुधवारी पायल खुडणी करून थेट जिमला आली. ऐंशी किलोचा बार तिनं नेहमीसारखा उचलला, सरळ उभी राहिली आणि तिचे डोळे फिरले. बार धाडकन खाली पडला. ती मागे कलंडली आणि पडताना सगळा भार उजव्या हातावर आला.

त्या क्षणी सुवर्णाच्या मनात पहिलं काय आलं ते तिला पुढे कधी विसरता आलं नाही. आता पंधरा दिवस तरी ही नव्वदच्या पुढे जात नाही, हे आलं. मग ती धावली, बर्फ आणला, पायलचं डोकं मांडीवर घेतलं.

मनगट सुजलं होतं. सरांनी पायलला विचारलं, सकाळपासून काय खाल्लंय? पायल म्हणाली, चहा. सरांनी सुवर्णाकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही हिला खाण्याचं सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं," सुवर्णा म्हणाली.

ते खोटं नव्हतं. पायल तिच्या मांडीवर डोकं ठेवून वर तिच्याकडे पाहत होती.

एक्स-रेत हाड शाबूत निघालं. मनगट मुरगळलंय, दहा दिवस पट्टी, वजन बंद. पायल घरी बसली, एका हातानं मुलीला सांभाळायला लागली. चतुराबाई म्हणाल्या, झालं ना समाधान लोखंड उचलून. सार्थकही चिडला होता. सुवर्णा तिच्या वाटणीच्या भाकरी थापायची, तिची वेणी घालून द्यायची, आणि हे करताना तिला वाटायचं की आपण किती चांगले आहोत. मग जिमला गेल्यावर शेजारची जागा रिकामी पाहिली की छातीत हलकं व्हायचं. आपण चांगले नाही हे तिथे तिला कळायचं.

या दहा दिवसांत आपण शंभर करायचे, असं तिनं ठरवलं. शंभर झाले की पायल बरी होऊन आली तरी हरकत नाही. सरांनी तिला त्या आठवड्यात पंच्याऐंशीच्या वर जायचं नाही असं बजावलं होतं. आदल्या दिवशीच्या स्क्वॉटनं, खांद्यावर बार घेऊन मारलेल्या बैठकांनी, तिची कंबर जड झाली होती. पण शनिवारी सर दारात कुणाशी तरी बोलत उभे होते. तिनं घाईघाईनं दोन हलके सेट मारले आणि प्लेटा चढवल्या. दोन्हीकडे चाळीस-चाळीस, बारचे वीस धरून शंभर.

बार गुडघ्यापर्यंत आला. तिथे अडला. तेव्हा सोडायला हवा होता. तिनं पाठ वाकवून ओढला आणि कमरेत उजवीकडे कचकन काहीतरी झालं. बार खाली आदळला. ती तशीच वाकलेली राहिली, तिला सरळ होता येईना.

सर तिला ओरडले नाहीत. त्यांनी प्लेटा मोजल्या, तिच्याकडे पाहिलं, आणि बाकावर आडवं व्हायला मदत केली. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

गंगापूर रोडला छाया नावाच्या एक फिजिओथेरपिस्ट होत्या, ललित तिला तिकडे घेऊन गेला. छायाताईंनी पाय उचलून, वाकवून, दाबून पाहिलं. मणक्याला काही नाही, स्नायू ताणला गेलाय. झोपून राहू नका, घरात थोडं थोडं चालत राहा, मी सांगते ते हलके व्यायाम करा. पण वजन चार आठवडे तरी नाही, आणि त्यानंतरही रिकाम्या बारपासून. सुवर्णानं विचारलं, जानेवारीत स्पर्धा आहे. छायाताई म्हणाल्या, बघायला जा.

घरी आल्यावर तिचं सगळं काम इतरांकडे गेलं. संध्याकाळी चतुराबाई स्वयंपाकघरात डबे उघडून बसल्या होत्या. सुवर्णा आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, दार उघडं होतं. चतुराबाईंनी हरभऱ्याचा डबा मांडीवर घेतला आणि तिथूनच विचारलं.

"एकीचेच भिजवू का दोघींचे?"

सुवर्णानं पांघरूण पायांवर ओढून घेतलं.

"मी रोज बघते ना," चतुराबाई म्हणाल्या. "तू एकाच वाटीचे भिजवते. म्हटलं धाकलीला आवडत नसतील. पण परवा ती सांगत होती, ताई म्हणल्या मला चालत नाय. का नाय चालत? मी तर दोन्ही पोरांच्या बाळंतपणात हरभऱ्याची उसळच खात होते. दुधाला लय चांगली."

"आई, मी..." सुवर्णा म्हणाली आणि थांबली.

चतुराबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी डब्यातून दोन मुठी काढल्या, मग आणखी दोन, पातेल्यात पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं. म्हातारीला किती कळलं होतं, हे सुवर्णानं कधी विचारलं नाही.

रात्रभर तिची कंबर ठसठसत राहिली. सकाळी पायल चहा घेऊन आली. डाव्या हातात कप, उजव्या मनगटाला पट्टी. तिनं कप ठेवला, उशी नीट केली आणि विचारलं, ताई, शेक घेणार का? ती जायला वळली तेव्हा सुवर्णानं तिला थांबवलं.

"पायल, मी तुला खाण्याचं जे सांगितलं होतं ते खोटं होतं. सोयाबीनचं, हरभऱ्याचं, सगळंच. सरांनी मला नीट सांगायला सांगितलं होतं. मी मुद्दाम उलटं सांगितलं."

पायल उभीच राहिली. मग म्हणाली, "माझ्या पोरीला दूध पुरत नव्हतं. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे. आईंना विचारलं, डॉक्टरला विचारलं."

हे सुवर्णाला माहीत नव्हतं. तिच्या डोक्यात फक्त फळ्यावरचे आकडे होते.

"का केलं तुम्ही असं?" पायलनं विचारलं.

"तू माझ्या पुढे जायला लागलीस म्हणून."

पायल बाहेर गेली. जाताना दार ओढलं नाही की आपटलं नाही. दुपारी ती मुलीला घेऊन शेजारच्या काकूंकडे जाऊन बसली. घरात दोघींचं बोलणं बंद झालं. सार्थकला तिनं सांगितलं नसावं, कारण तो सुवर्णाशी पहिल्यासारखाच बोलत होता. याचंही सुवर्णाला ओझं वाटलं.

चालता यायला लागल्यावर सुवर्णानं पायलचं ताट आपण वाढायला सुरुवात केली. घट्ट वरण, दही, कांदा घालून परतलेल्या सोयाबीनच्या वड्या, पनीर. पहिल्या दिवशी पायलनं भाकरी आणि भाजी खाल्ली, बाकी तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी दही खाल्लं. सुवर्णा रोज तेवढंच वाढत राहिली. पाचव्या दिवशी ताट रिकामं परत आलं. पायल भांडी घासायला बसली तेव्हा म्हणाली, वड्यांत मीठ कमी होतं. आठ-दहा दिवसांत तिनं उच्चारलेलं ते पहिलं वाक्य.

डिसेंबरच्या मध्यापासून पायल पुन्हा जिमला जायला लागली. सुवर्णा घरी बसून तिची स्कूटी सुरू होताना ऐकायची. राग गेला असेल, पश्चात्ताप झाला असेल, पण तिचं मनातलं मोजणं थांबलं नव्हतं. पायल परत आली की तिच्या चेहऱ्यावरून किती उचलले असतील याचा ती अंदाज करायची. विचारायची मात्र नाही.

नीट खाणं सुरू झाल्यावर पायलचा चेहरा भरला. मुलगी रात्री कमी रडायला लागली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी पायल म्हणाली, उद्या येणार का? सुवर्णा म्हणाली, येऊ का? पायल म्हणाली, सर पंचांच्या टेबलावर बसणार आहेत. मला कमरेचा पट्टा आवळायला कुणीतरी लागेल, आणि माझी पाठ कधी वाकते ते तुम्हालाच कळतं.

रविवारी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. अकरा बायका आल्या होत्या, पिंपळगावहून, सिन्नरहून, शहरातून. घोटीची एक उज्वला नावाची बाई होती, चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची, स्वतःची खानावळ चालवणारी, बुटकी आणि रुंद. ती कोपऱ्यात बसून डब्यातला मुगाचा लाडू खात होती. प्रत्येकीला तीन वेळा उचलायची संधी होती. पुढच्या वेळी किती किलो हवेत ते एका मिनिटाच्या आत टेबलावर सांगायचं, असा नियम.

पायलनं पहिल्यांदा नव्वद उचलले. सहज. सुवर्णानं पट्टा सैल केला, पाणी दिलं, पुन्हा आवळला. दुसऱ्यांदा पंचाण्णव. बार वर गेला. शेड टाळ्यांनी भरून गेली आणि सुवर्णानंही टाळ्या वाजवल्या. तिच्या आकड्याशी आता पायलची बरोबरी झाली होती. पण तिनं आणखी एक गोष्ट पाहिली. बार गुडघ्यावरून वर येताना पायलची कंबर किंचित गोल झाली. हे बाकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पायल धापा टाकत तिच्याकडे आली. टेबलावरून आवाज आला, पायल विधाते, तिसरं वजन सांगा.

"ताई, किती सांगू? शंभर की साडेसत्त्याण्णव?" पायलनं विचारलं.

सुवर्णाला उत्तर माहीत होतं. साडेसत्त्याण्णव ती नक्की उचलेल. शंभर गुडघ्याशी अडेल. शंभर मागितले की पायलला ते जमणार नाहीत, फळ्यावर दोघींच्या नावापुढे पंचाण्णव राहील, आणि कुणी कुणाला दोष देणार नाही, कारण शंभरची हिंमत केली म्हणून लोक पायलचं कौतुकच करतील. हे सगळं तिच्या मनात अगदी स्वच्छ उभं राहिलं. शंभर हा शब्द ओठांपर्यंत आलाही होता. मिनिटातले किती सेकंद गेले कोण जाणे. पायल तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"साडेसत्त्याण्णव," सुवर्णा म्हणाली. "आणि बार जमिनीवरून सुटला की घाई करू नकोस. छाती वर ठेव."

पायलनं छाती वर ठेवली. बार गुडघ्यापाशी क्षणभर रेंगाळला आणि वर गेला. सरांनी हात वर केला. टेबलामागच्या फळ्यावर कुणीतरी लगेच जाऊन आकडा लिहिला. सुवर्णा त्या फळ्याकडे पाहायचं टाळत होती, तरी पाहिलंच. तिचं नाव दुसऱ्या ओळीवर गेलं होतं. पायल धावत येऊन तिच्या गळ्यात पडली तेव्हा तिला मिठी मारताना सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

मग घोटीच्या उज्वलाताई उठल्या. त्यांनी पहिल्याच वेळी शंभर मागितले. दुसऱ्यांदा एकशे दहा, तिसऱ्यांदा एकशे सतरा. चेहरा हललासुद्धा नाही. बार खाली ठेवून त्यांनी पदराला हात पुसावेत तसे पँटला हात पुसले आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसल्या. सगळी शेड त्यांच्याभोवती जमली. पायल दुसरी आली.

स्कूटीवरून परतताना सुवर्णा मागे बसली होती, कंबरेला धक्का बसू नये म्हणून पायल खड्डे चुकवत हळू चालवत होती. मळ्यांच्या कडेला वळल्यावर पायल म्हणाली,

"तुम्ही शंभर सांगाल असं मला वाटलं होतं."

"सांगणार होते," सुवर्णा म्हणाली.

पायलनं आरशातून मागे पाहिलं. मग पुन्हा रस्त्याकडे. थोड्या वेळानं म्हणाली, ती घोटीची बाई रोज काय खात असेल हो? सुवर्णा म्हणाली, मी विचारलं. तांदळाची भाकरी, मासे आणि अंडी. पायल म्हणाली, मग आपल्याला कसं जमायचं. तिच्या आवाजात जे होतं ते सुवर्णानं बरोबर ओळखलं. ते ती गेले सात-आठ महिने रोज ऐकत होती, स्वतःच्या आत.

घरी चतुराबाई ओट्यावर शेवंतीचे हार करत बसल्या होत्या. मुलगी त्यांच्या पायाशी खेळत होती. त्यांनी मान वर करून विचारलं, कोण जिंकलं?

घोटीची एक बाई, पायलनं सांगितलं.

"अन् आपल्या घरात?"

पायल काही बोलायच्या आत सुवर्णा म्हणाली, "पायल."

ते म्हणताना तिला बरं वाटलं नाही. पण तिनं ते म्हटलं, आणि कंबरेला हात लावत हळूहळू पायऱ्या चढून आत गेली. दोघींना भूक लागली होती, आणि ताटं वाढायची होती.